आईच्या ओसरीवरची गाळणी

माझा धाकटा भाऊ तिंगांग म्हणजे हट्टाचं गाठोडं. आमच्या गावात ज्याच्या अंगात जोर आहे, तो नदीच्या तळाची वाळू उपसून सोनं काढायला तराफा टाकतो. ह्या शहाण्यानं काय करावं? पालांगकाराया शहरातून कॉलेजची पोरं होडीत घालून आणायची, वाळूच्या पट्ट्यावर तंबू ठोकायचे आणि त्यांना आपली नदी दाखवायची. स्वयंपाकाला मी. मला वाटलं, डोकं फिरलं ह्याचं. पण पोरं येत राहिली, आणि तोही कधी नव्हे तो खुशीत असायचा.

अडायचं ते पाण्यापाशी. वीस-पंचवीस जणांचं पाणी उकळायचं म्हणजे ओल्या लाकडांशी मारामारी. ते निवेपर्यंत पोरं बोंबलतात ती वेगळीच. शेवटी मी म्हटलं, "बाबा रे, एक चांगली गाळणी आण, नाहीतर दुसरी स्वयंपाकीण बघ."

मग आम्ही दोघं शहरात गेलो. ह्यानं नदीचं पाणी बाटलीत भरून घेतलेलं, आणि स्वतः मुलगी बघायला निघाल्यासारखा भांग पाडलेला. दुकानातल्या पोरीनं तोंडानं ओढून पाणी प्यायची एक नळी दाखवली, ती एकट्यापुरती. हातपंप दाखवला, पंचवीस जणांसाठी तो मारला असता तर माझा खांदा जाग्यावर राहिला नसता. मग तिनं पिशव्यांची जोडी काढली. गढूळ पाण्याची वर टांगायची, मधे गाळणी, खालच्या पिशवीत चोख पाणी; भात शिजेपर्यंत सगळ्यांचं भागतं. आमचं चहासारखं पाणी काचेसारखं होऊन खाली उतरलं. तिंगांगचा चेहरा काय फुलला होता!

"दादा, हे पाणी कुठलं?" पोरीनं विचारलं. त्यानं छाती काढून गावाचं नाव सांगितलं.

"वरच्या अंगाला तराफे आहेत?"

"आहेत की. दोन तर आमच्या मामाचेच."

तिनं पिशवी खाली ठेवली. "मग खरं सांगते. ह्यानं गाळ थांबेल, जंतू थांबतील. सोनं धरायला वापरतात तो पारा नाही थांबायचा. उकळूनही नाही जायचा."

ह्यानं त्याहून महागातली मागितली. तिनं कोळशाची एक दाखवली, पण पाऱ्याची हमी तीही देत नाही म्हणाली. तिचं माहेरही नदीकाठचंच होतं. मला त्या पोरीचा असा राग आला! आणि तिचं बिचारीचं चुकलं तरी काय होतं? तिंगांगनं पिशवी तरीही घेतली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

परतल्यावर तो तडक मामाकडे गेला. मामा ओरडला नाही. नुसतं म्हणाला, "तराफा बंद केला तर माझी चूल तू पेटवशील का?" तिंगांग मान खाली घालून परत आला.

पुढच्या खेपेला होडीत शहरातल्या पाण्याचे मोठाले बुधले चढले. पोरांनी विचारलं, नदी इतकी जवळ असताना हे ओझं कशाला? एरवी नदीवर तासभर बोलणारा माझा भाऊ म्हणाला, "ही नदी बघायची. प्यायची नाही." मी भात ढवळत राहिले.

पिशवी घरात पडून होती, ती आईच्या हाती लागली. तिनं ती नदीचं पाणी भरून ओसरीवर टांगली. आम्ही तिला सगळं सांगून पाहिलं. ती म्हणाली, "मग काय पिऊ? रोज शहरातून आणशील माझ्यासाठी? आणि ताटातल्या माशाला कशानं गाळशील?" विहीर उन्हाळ्यात आटते, पावसाचं साठवलेलं पाणीही संपतं.

हल्ली येणाऱ्या-जाणाऱ्याला ती कौतुकानं त्यातलं पाणी देते. माझ्या लेकानं गाळणी आणली, म्हणते, आजीच्या वेळी नदी अशीच दिसायची. परवा तिंगांग उन्हातून आला, तर तिनं त्याच्यापुढेही पेला धरला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग सगळा पेला प्यायला, आणि चांगलं आहे म्हणाला.