कुरवांचा लाडका

माझे धाकटे दीर जहाजावर आचारी. जहाज लहानसं, वीसेक पाहुण्यांना बेटाबेटांवरचे पक्षी-प्राणी दाखवत हिंडणारं. मी त्याच जहाजावर खोल्या आवरते, त्यामुळे भावोजींच्या उचापती मला जवळून ठाऊक. हात असा सढळ की चौघांचं सांगितलं तर दहा जणांचं रांधतील. उरलेला पाव वाया घालवणं जिवावर येई, म्हणून जेवणं आटोपली की पांढऱ्या एप्रनवरच मागच्या कठड्याशी उभे राहून तुकडे उधळत. कुरव पक्ष्यांचा थवा ते वरच्या वर टिपे. पाहुणे खूश, कप्तान खूश. "भावोजी, लग्न नाही केलंत, पण पोरं मात्र बरीच झाली की!" मी चिडवायची. ते लाजायचे.

या हंगामात एका बेटावरून आमची गाइड मान खाली घालून परतली. तिथे सुरय पक्षी उघड्या वाळूतच अंडी घालतात. "कुरवांनी पिल्लं फस्त केली," ती म्हणाली. "जहाजामागून येतात, आणि आपण नांगर टाकला की बेटावर तुटून पडतात. पूर्वी इतके नव्हते." भावोजींकडे तिने बघितलंही नाही. बघायची गरजच नव्हती.

पाव उधळणं त्या दिवसापासून बंद. पण माणूस पार उतरला. जेवणात मीठ दोनदा पडू लागलं. "वहिनी, मन खातं हो."

"अहो, पक्ष्याने पक्षी खाल्ला. तुम्ही कशाला जिवाला लावून घेता?"

"त्यांना इथवर आणलं कोणी?"

ते पाव उधळताना टाळ्या तर मीच पिटल्या होत्या.

पुढच्या फेरीला कळलं, मागाहून घातलेल्या अंड्यांतून थोडी पिल्लं बाहेर आली आहेत. भावोजींनी हट्टच धरला, "राखणीला मीच बसणार." स्वयंपाक उरकून, एप्रन न सोडताच, डबा घेऊन ते होडीत बसले. एकट्याला कसं सोडू, म्हणून मीही गेले.

वाळूवर पाय ठेवला मात्र, सगळे कुरव आमच्या डोक्यावर. भावोजी हात हलवून हुसकावू लागले, तसे ते आणखी खाली आले. हा हात उचलला की खाऊ मिळतो, एवढंच त्यांना माहीत. सुरय किंचाळत होते. भावोजींच्या पायाशेजारून एका कुरवाने पिल्लू उचललं.

"वहिनी, चला! लांब चला!" त्यांनी होडी पाण्यात लोटली. थवा मागोमाग आला. बेट बरंच मागे पडल्यावर त्यांनी डबा उघडला आणि आमचं जेवण मुठीमुठीने उधळायला लागले. "इकडे या, बाळांनो, इकडेच राहा," असं पुटपुटत, रडत. तेवढा वेळ एकही कुरव बेटाकडे गेला नाही.

डबा संपला.

"वहिनी, अजून काही आहे का हो?"

मी मान हलवली. थव्याने दोन घिरट्या घातल्या आणि तो बेटाकडे वळला. भावोजी होडीत उभे राहून रिकामा हात हलवत राहिले. आता मात्र एकानेही मागे वळून पाहिलं नाही.