सहा वाजताचा गजर

अकोला-अमरावती एसटीत त्या बाई मला आठवड्यातून दोनदा तरी भेटतात. अकोटच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातली हिशेबाची नोकरी गेल्यापासून त्या दुसरी शोधताहेत, पण चेहऱ्यावर बिचारेपणा नावाला नाही. सोमवारी अकोल्याची एमआयडीसी, मंगळवार-बुधवार अमरावती, शुक्रवारी नुसते फोन. नोकरी शोधणं हीच सध्या त्यांची नोकरी, आणि तिला त्या दांडी मारत नाहीत.

"आम्ही कळवू," असं कुणी म्हणालं, की त्या विचारतात, "कवा?" समोरच्यानं वेळ सांगितली, की त्याच्या देखतच मोबाइलवर गजर लावतात.

काल परतताना मूर्तिजापूरच्या पुढं तो गजर वाजला. त्यांनी लगेच फोन लावला.

"साहेब, आज सहा वाजता कळवतो म्हनलं होतं तुमी. सहा वाजले." पलीकडचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जागा भरली तर भरली. मंग मले सांगतलं काहून नाई? नाई म्हना, चालते मले. पन मानसाले लटकून ठेवू नका."

अख्खी बस ऐकत होती. त्यांनी आवाज जराही खाली आणला नाही.

अकोल्याच्या स्टँडवर उतरताना मला वाटलं, आपण काहीतरी बरं बोलावं. म्हटलं, "ताई, आमच्या ऑफिसात विचारतो आणि कळवतो तुम्हाला."

त्यांनी पर्समधून मोबाइल काढला, गजर उघडला आणि माझ्याकडं पाहिलं.

"कवा, भाऊ?"