म्हैसासुराच्या घराण्यातले भोयेकाका

प्रभाकर भोये यांना 'नाही' म्हणता येत नाही, हे सिल्वासाच्या टोकरखाड्यातल्या आमच्या कॉलनीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांची स्कूटर कुठे आहे असं विचारलं तर त्यांना थांबून आठवावं लागतं. सकाळी ती कुणीतरी भाजीला नेलेली असते, दुपारी कुणीतरी पाहुण्यांना आणायला वापी स्टेशनला. स्वतः काका चालत असतात. सिल्वासात धाग्याचे कारखाने एकामागून एक उभे राहत होते, त्या काळात ते जव्हारकडच्या गावातून इथे आले आणि एका कंपनीत मशीनवर लागले. निवृत्त झाले ते सुपरवायझर म्हणून. पाळी बदलून मागायला आलेल्या एकाही माणसाला त्यांनी परत पाठवलं नाही, त्यामुळे रात्रपाळी वर्षानुवर्षं त्यांच्याच वाट्याला आली. त्यांची बायको सरुकाकू सांगते, "मला काय यांनी पसंत केलं व्हय! माझ्या बापाने विचारलं, आणि यांना नाही म्हणता आलं नाही."

गणपतीत मुलांचं नाटक बसवणं हेही असंच कधीतरी त्यांच्या गळ्यात पडलं आणि मग त्यांचं होऊन गेलं. कंपनीतून आणलेल्या पुठ्ठ्याच्या नळ्यांच्या तलवारी होतात, चमकीच्या कापडाचे मुकुट होतात. माझ्या मुलीचं, मधुराचं, रंगमंचावरचं पहिलं काम त्यांच्याच नाटकात झालं. तेव्हा ती झाड होती. आता ती नववीत आहे.

यंदा जुलैत भोयेकाका कॉलनीतल्या मुलांना सिनेमाला घेऊन गेले. मीही बरोबर गेले. इतक्या मुलांना रस्ता ओलांडायला लावायचा आणि सोबतचा माणूस कोणालाच नाही म्हणणार नाही, या विचाराने मला घरी बसवेना. सिनेमा हिंदीत केलेला, परदेशातला. चित्रकथांमधले सगळे खलनायक एकत्र येऊन टोळी करतात, अशी गोष्ट. एकाच्या अंगावर मधमाश्यांचं पोळं, एकीची सावली माणसांवर पडली की माणसं दगडासारखी जड होतात, एकाचा जबडाच लोखंडी. प्रत्येक जण आला की गाणं, पडद्यावर मोठ्या अक्षरांत नाव, त्याच्या लहानपणाचं दुःख, आणि लगेच पुढचा. मध्यंतरापर्यंत माणसं येतच होती. मध्यंतरानंतर आकाशातून निळ्या उजेडाचा एक खांब उतरला आणि सगळे मिळून त्या खांबाशी लढले. मला तो सिनेमा अगदी वाईट वाटला, आणि मी ते बाहेर येताच बोलूनही दाखवलं. मुलांना तो अर्थातच आवडला होता.

बाहेर खमणच्या गाडीपाशी भोयेकाका बशी हातात घेऊन उभे होते. कॉलनीतल्या जयवंतरावांचा कल्पेश म्हणाला, "काका, मस्त होता ना?"

"सोंगं मस्त होती," काका म्हणाले. "पिक्चर कुठे होता?"

"अहो, ते सगळे वाईट असून आतून चांगले असतात," मधुराने त्यांना समजावलं.

"मग वाईट कधी होते? मी लाह्या आणायला गेलो तेवढ्यात?"

"शेवटी लढले की त्या निळ्याशी!"

"खांबाशी कसलं भांडण, पोरी? खांब काय बोलला? त्याने कुणाचं काय खाल्लं होतं?" काकांनी खमणचा तुकडा मिरचीला लावला. "आमच्या बोहाड्यात असं केलं असतं तर लोक उठून गेले असते."

मुलांना बोहाडा माहीत नव्हता, म्हणून त्यांनी तिथेच उभ्या उभ्या सांगितला. त्यांच्या गावाकडे उन्हाळ्यात रात्र रात्र तो चालतो. देवांची आणि दैत्यांची सोंगं मुखवटे चढवून, टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या तालावर नाचत येतात आणि जातात. एकेक सोंग एकेका घराकडे चालत आलेलं. भोयांच्या घराकडे म्हैसासुराचं. काकांचे वडील तो मुखवटा घालत, नंतर काही वर्षं काकांनी घातला. सगळी सोंगं नाचून गेली की अगदी शेवटी, उजाडता उजाडता, जगदंबा येते. म्हैसासुर आणि ती समोरासमोर येतात, आणि पेंगलेली म्हातारी माणसंही उठून बसतात.

"आम्ही म्हैसासुराचं घराणं," काका म्हणाले. "आम्हाला पक्कं माहीत आहे. जगदंबा नसेल तर म्हैसासुराला कोण विचारतं? नुसतं शिंग घेऊन फिरायचं. या पिक्चरमध्ये सगळे म्हैसासुर आहेत, जगदंबाच नाही. बरोबर ना, ताई?"

बरोबरच होतं. त्या सिनेमाबद्दल याहून नेमकं काही म्हणता येईल असं मला आजही वाटत नाही.

मुलांनी मात्र एवढ्यातून एकच गोष्ट उचलली: यंदाच्या नाटकात खलनायक हवेत. काकांनी होकार दिला हे सांगायला नकोच. गोष्ट त्यांनी चांगली रचली होती. तीन दुष्ट माणसं दमणगंगा नदी जारमध्ये भरून पळवतात आणि नदीकाठची एक म्हातारी त्यांना अडवते. दुष्टांची म्होरकी मधुरा. मी तिला काळा झगा शिवला, आतून लाल अस्तर लावून.

मग आया यायला लागल्या. "काका, आमच्या चिंटूला पण घ्या ना." घेतलं. "काका, त्याला नुसतं उभं नका करू, त्याची पण एंट्री असू दे." असू दिली. ज्या मुलीकडे म्हातारीचं काम होतं तिची आई म्हणाली, सगळी मुलं चमचम करणार आणि आमचीच तेवढी फाटकं लुगडं नेसून येणार का? काकांनी त्या मुलीला विजेची राणी केलं. म्हातारीचं काम दुसऱ्या कुणाला देऊ गेले तर तिकडेही तेच. ऑगस्ट संपत आला तेव्हा नाटकात म्होरकीखेरीज अकरा खलनायक होते, अकरा गाणी होती, आणि म्हातारी नव्हती. मधुराची वाक्यं कमी होत होत एकावर आली होती: "चला, नदी आपली आहे!" ती घरी काही बोलत नसे. मला झोप लागत नसे. तिचे वडील म्हणत, "अगं, कॉलनीचं नाटक आहे." पण जी मुलगी जेवताना एका सिनेमावर अर्धा तास वाद घालते, ती आठवडाभर गप्प बसली तर आईने काय समजायचं?

गणपती चार दिवसांवर असताना मंडळाचे अध्यक्ष जयवंतराव तालीम बघायला आले. माणूस वाईट नाही, पण घड्याळाकडे बघून बोलणारा. गाणी सुरू झाली. मधमाश्यांवाला आला, विजेची राणी आली, आगवाला आला, कल्पेश रोबो होऊन आला. जयवंतरावांनी स्वतःचा मुलगा येऊन जाईपर्यंत धीर धरला, मग हात वर केला.

"काका, गोष्ट कधी सुरू होणार?"

"ही काय, होतेच आहे. अजून चार जण यायचेत."

"काका, तुम्हाला दहा मिनिटं दिलीत. तेवढी तर पोरांच्या एंट्रीलाच जाणार. गेल्या वर्षी लोक उठून गेले, यंदाही गेले तर मी कमिटीला काय सांगू? लोक ऑर्केस्ट्रा मागतायत. यंदा जमलं तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षापासून मुलांचं नाटक बंद. आधीच सांगून ठेवतो."

एवढं बोलून ते गेले. भोयेकाका पायरीवर बसले. सरुकाकू चहा घेऊन आली होती. कप त्यांच्या हातात देत ती म्हणाली, "त्या पिक्चरला दोन महिने नावं ठेवताय. जगदंबा नाही म्हणे! आणि तुमच्या नाटकात कुठंय?"

काकांनी कप पायरीवर ठेवला. मग हळूच म्हणाले, "आमच्याकडे प्रत्येक घराला सोंग असतं, सरू. कुणाला वगळायची रीत नाही."

"अन् रात्र केवढी असते तिकडे? इथे दहा मिनिटांत कुणाकुणाला नाचवाल?"

"मग कुणाला काढू? तू सांग."

ती काय सांगणार! तीही त्याच गावची. मी मनात म्हटलं, आता हा माणूस रात्रभर जागेल आणि सकाळी अकराच्या अकरा पोरं तिथेच असतील. तेवढ्यात माझी मुलगी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काका, कुणाला काढू नका. मी म्हातारी होते."

"आणि म्होरक्या?"

"कल्पेशला करा. नाहीतर कुणालाच करू नका. अकरा जण आहेत ना, मग माझ्यासमोर येऊ देत अकराच्या अकरा. तीनपेक्षा बरंच आहे की!"

काकांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला त्यांचे पडद्यामागे मुखवटा चढवणारे वडील दिसल्यासारखे झाले. मी मात्र लगेच काळजीत पडले. मधुराचा आवाज बारीक आहे, चष्मा काढला की तिला समोरचं दिसत नाही, आणि अकरा चमचमत्या पोरांपुढे ती एकटी जुनेर नेसून उभी राहणार! झगा तर शिवून तयार होता. पण मी तो घडी करून ठेवला. सरुकाकूने पेटीतून सासूचं हिरवं लुगडं काढून दिलं, चापून चोपून नेसवलं आणि म्हणाली, "कासोटा घट्ट आहे. नाच, पळ, काही कर, सुटणार नाही."

काकांनी सगळी गाणी काढून टाकली. एक रिकामं पिंप आणलं आणि त्यावर स्वतः काठीने ताल धरला. त्या एकाच तालावर अकरा जण एकत्र आत येणार, ताल थांबेल तेव्हा ज्याने त्याने आपलं नाव ओरडायचं, बस. दोन आयांनी तक्रार केली. काका म्हणाले, "बघू." त्यांच्या तोंडून आजवर मी ऐकलेला हा सगळ्यात कडक शब्द.

नाटकाच्या दिवशी मांडव भरला होता, पण लोक आपापल्या मुलापुरते आले होते. सगळ्यांचे मोबाईल वर. पिंप वाजलं, अकरा जण धडाधडा आत आले, नावं ओरडून झाली, जारमध्ये नदी भरायला लागले. एकाच्या लोखंडी जबड्यावरचा चंदेरी कागद तिथेच गळून पडला. मग कळशी काखेत घेऊन मधुरा आली. पिंप थांबलं.

ती सगळ्यांकडे बघत राहिली. मला वाटलं, विसरली.

"एवढे जण?" ती म्हणाली. "एक नदी उचलायला एवढे जण लागले व्हय रे?"

मांडवात हसू फुटलं. तिचा तो बारीक आवाज म्हातारीला अगदी शोभला. रोबो पुढे होऊन म्हणाला, "बाजूला हो म्हातारे, आम्ही दुष्ट आहोत!"

"दिसतंय की. कोणाचा रे तू? इकडे आलास ते तुझ्या आईला माहीत आहे का?"

हे वाक्य तालमीत होतं. त्यावर खलनायकांनी घाबरून एकमेकांच्या मागे लपायचं, असं ठरलं होतं. पण सगळ्यात धाकटा चिंटू, मधमाश्यांचा राजा, खरंच विचार करून म्हणाला, "हो, तिनेच पाठवलंय. ती काय तिथे बसलीय, फोन घेऊन."

मांडव कोसळेल एवढं हसले लोक. चिंटूच्या आईने फोन खाली केला, मग बाकीच्यांचेही खाली आले. मधुराने हसू विरेपर्यंत वाट पाहिली, कळशी खाली ठेवली आणि त्या अकरा जणांच्या समोर जाऊन उभी राहिली. ते अकरा आणि ही एक. पहिल्यांदाच ते अकराही जण कोणीतरी वाटायला लागले. त्यांना घाबरावं असं वाटलं, कारण कुणीतरी घाबरत नव्हतं. "मला तहान लागलीय," ती म्हणाली. "आधी एक कळशी द्या, मग काय न्यायचं ते न्या." आणि त्यांच्यात पहिली कळशी कुणी द्यायची यावरून जे भांडण लागलं, त्यात अख्खी नदी सांडून परत नदीत गेली. एकही माणूस उठून गेला नाही. मी हे आई म्हणून सांगत नाही, मागे उभी राहून मी बघत होते.

आरतीनंतर जयवंतराव भोयेकाकांपाशी आले. "पुढच्या वर्षी पंधरा मिनिटं धरा," एवढंच म्हणाले आणि प्रसादाच्या रांगेकडे गेले. काका पिंप उचलून घरी न्यायच्या तयारीत होते. तेवढ्यात आया जमल्या. आधी विजेच्या राणीची आई, मग आणखी दोघी. त्यांचं म्हणणं एकच होतं. "काका, पुढच्या वर्षी आमच्या मुलीला म्हातारी करा ना. दोन म्हाताऱ्या घ्या हवं तर, तीन घ्या. लुगडं आम्ही आणू."

काकांनी पिंप खाली ठेवलं. सवयीप्रमाणे त्यांचं तोंड 'हो' म्हणायला उघडलेलंही मी पाहिलं. सरुकाकूने पाहिलं. मधुरा कासोटा सांभाळत बाजूलाच उभी होती.

"नाही," भोयेकाका म्हणाले.

त्या बायकांना वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही. "अहो काका, फक्त..."

"नाही बाई. म्हैसासुर हवे तेवढे घेतो, तुमच्या सगळ्या पोरांना घेतो, पाहुण्यांच्या पोरांनाही घेतो. जगदंबा एकच."

सरुकाकूने पदर तोंडाला लावला, आणि ती हसत होती की आणखी काही, ते मला कळलं नाही. काकांनी पिंप खांद्यावर घेतलं आणि चालत निघाले. स्कूटर अर्थातच कुणीतरी नेलेली होती.