डिक्कीतलं तेल आणि शफीभाईंचं कार्ड

सासऱ्याच्या मोटारीत ट्रॅक्टरचं तेल ओतणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात मी एकटाच, असं मला परवापर्यंत वाटत होतं.

माझे सासरे आप्पासाहेब सिल्लोडला असतात. मक्याची शेती, घरचा ट्रॅक्टर, आणि तीन वर्षांपूर्वी घेतलेली पांढरी डिझेल गाडी. या तिन्हींत गाडीचा लाड जास्त. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते पंधरा दिवस पुण्याला मुलाकडं गेले, तेव्हा गाडी आमच्या इमारतीखाली लावून गेले. किल्ली हातात देताना म्हणाले, "राजेंद्रराव, दोन दिवसाआड एक चक्कर मारा. बाकी कशाला हात लावू नका."

हे ते बोलले नसते तर मी खरंच लावला नसता.

बाराव्या दिवशी मी बॉनेट उघडलं. तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली, तर तेल काळंकुट्ट. वरच्या खुणेपर्यंत होतं, पण असं काळं की काजळाची डबी बरी. म्हाताऱ्याचं दुर्लक्ष झालंय, असं मनात आलं आणि जावई म्हणून आपलं काही कर्तव्य आहे, असंही आलं. डिक्की उघडली. आत सुतळीचं बंडल, खुरपं, मक्याच्या बियाण्याची रिकामी पिशवी आणि अर्धा भरलेला तेलाचा कॅन. गाडीचा मालक गाडीच्या डिक्कीत तेल ठेवतो ते गाडीसाठीच ठेवणार, हा माझा तर्क अजूनही मला वाईट वाटत नाही. कोऱ्या चहात दूध घातलं की रंग उजळतो, तसं स्वच्छ तेल घातलं की काळं तेल जरा निवळेल, हा दुसरा तर्क मात्र आता बोलून दाखवत नाही.

दोन लिटर ओतलं. गाडी सुरू केली.

आधी समोर पिवळा दिवा लागला. मग मागून असा धूर निघाला की इमारतीचं तळघर, जिना आणि पहिला मजला दिसेनासा झाला. अंगणात बाजेवर कडूबाईंनी कुरडया वाळत घातल्या होत्या. कडूबाई आमच्या तळमजल्यावरच्या शेजारीण, वय पंच्याहत्तर, आवाज पंचविशीतला. धुरातून तो आवाज आला, "राजेंद्रा! आता ह्या कुरडया तळायच्या का अंगाऱ्यासारख्या कपाळाला लावायच्या?"

माझी बायको तनुजा गॅलरीत आली. तिनं धूर पाहिला, उघडं बॉनेट पाहिलं, माझ्या हातातला कॅन पाहिला आणि एवढंच म्हणाली, "रविवारी आप्पा येणारेत." त्या दिवशी गुरुवार होता.

मी शफीभाईंना फोन लावला.

शफीभाईंचं गॅरेज शहराच्या टोकाला, हर्सूलला, तलावाच्या अलीकडं, जळगाव रोडला लागून. माझी स्कूटर बारा वर्षं त्यांच्याकडं आहे. साठीचा, सडपातळ, पांढऱ्या दाढीचा माणूस. कपड्यांवर तेलाचा एक डाग नाही. चष्मे दोन: एक गाडी बघायचा, एक वाचायचा. आणि वाचायचं म्हणजे सकाळी उर्दू पेपर, नंतर दिवसभर गाड्यांची पुस्तकं. नव्या गाडीबरोबर जे पुस्तक मिळतं आणि जे आपण डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकतो ते गाडी विकेपर्यंत काढत नाही, ते पुस्तक. शफीभाईंकडं अशी दीडशेच्या वर आहेत. भंगारवाल्यांना त्यांनी सांगून ठेवलंय, गाडी तोडा, पुस्तक मला द्या. त्यांच्या बायकोनं, बिल्किसभाभींनी, सगळ्यांना जुन्या कॅलेंडरची कव्हरं घातलीत, शाळेच्या पुस्तकांना घालतात तशी.

शफीभाईंची शाळा सातवीपर्यंत, तीही उर्दूतून. इंग्रजी सगळं या पुस्तकांतून आलेलं, त्यामुळं ते गाडीसारखंच चालतं. भाभी भात वाढायला लागल्या की हे म्हणणार, "ओव्हरफिल नको करू." पाहुणे जास्त आले की, "आज सिव्हियर कंडिशन हाय." घरी नवा मिक्सर आणला तेव्हा त्याचं पुस्तक वाचून होईपर्यंत दोन दिवस चटणी पाट्यावरच झाली. भाभी ते अजून सांगतात. "भाईसाब, निकाहनाम्यावर यांनी बघता बघता सही ठोकली, आन् मिक्सरचं पुस्तक दोनदा वाचलं."

या वेडाला कारण आहे. तरुणपणी शफीभाई सिल्लोड रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवायचे. मालकानं पिंपातलं सुटं तेल आणलं, "तेल ते तेल, टाक" म्हणाला, यांनी टाकलं. फुलंब्रीच्या पुढं इंजिन जाम झालं. आत अकरा माणसं, त्यातला एक नवरदेव, मुंडावळ्यांसकट. "चार किलोमीटर पायी नेलं साब त्याला, भर उन्हात. माझ्याच डोक्यावर त्याची बॅग. आज त्याला नातू हाय, तरी मला बघितलं का तोंड फिरवतो." तेव्हापासून गॅरेजच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलंय: आधी पुस्तक, मग तेल.

तर मी फोन लावला. सगळं सांगितलं. त्यांनी आधी एकच विचारलं.

"किल्ली काढली का?"

"काढली."

"आता परत लावू नका. ती खिशात पण ठेवू नका, वहिनीकडं द्या."

अर्ध्या तासानं एक पिकअप आली. गाडीला दोर बांधला. मी नुसतं स्टिअरिंग धरून, बंद गाडीत, गावातून हर्सूलपर्यंत ओढला गेलो. नेमके त्या दिवशी ओळखीचे सगळे लोक रस्त्यावर होते.

शफीभाईंनी कॅन हातात घेतला, फिरवला, वाचायचा चष्मा लावला. "ट्रॅक्टरचं हाय."

"पण तेल चांगल्या कंपनीचं आहे."

"कंपनी लई चांगली. तेल बी लई चांगलं. ट्रॅक्टरला." त्यांनी पट्टी ओढून पाहिली आणि कपाळाला हात लावला. "आन् ओतलं कामून पण? आधीच फुल्ल होतं!"

"काळं झालं होतं."

"डिझेल गाडीचं तेल हजार किलोमीटरात काळं होतंय, साब. काजळी पोटात घेऊ राह्यलं ते. त्याचं कामच हाय." मग माझा चेहरा पाहून आवाज जरा उतरवला. "बघा. ह्या गाडीच्या धुराड्यात काजळी धरायची जाळी हाय. काजळी तिथं जळून जाती. पण ट्रॅक्टरच्या तेलात राख जास्त, आन् राख जळत नाय. ती बसली का जाळी तुंबली. जाळी तुंबली का तुमचे सासरे बसले. नशीब, तुम्ही पाच मिनिटांतच घाबरले."

त्यांनी डॅशबोर्डचा कप्पा उघडला. आत पुस्तक होतं. कंपनीच्या प्लास्टिकमध्ये, सीलबंद, वर पूजेच्या दिवशीचं हळदकुंकू. आप्पासाहेबांनी तीन वर्षांत ते उघडलंच नव्हतं. पोथीसारखं ठेवलं होतं. शफीभाईंनी कात्री घेतली.

"थांबा!" मी ओरडलो. "सील तोडलं तर आप्पांना कळेल. तुमच्याकडं दीडशे पुस्तकं आहेत, त्यातलं बघा ना."

"माझ्याकडं ह्याच्या आधीच्या मॉडेलचं हाय. ह्याचं इंजिन बदललंय. आईचा चष्मा पोराला लावता का?"

प्लास्टिक कापलं. हळदकुंकू त्यांनी अलगद एका कागदावर काढून घेतलं, पुडी केली, कप्प्यात ठेवली. मग हात पुसून पुस्तक उघडलं, पान काढलं आणि बोट ठेवून वाचलं. "पाच डब्ल्यू तीस. आन् पुढं, सी-थ्री, म्हंजे राख कमी असलेलं. हे दोन्ही पाहिजे. जावा मोंढ्यात, घेऊन या."

मी गेलो. दुकानदारानं चकचकीत कॅन काढला, वर शर्यतीच्या गाडीचं चित्र, ठळक अक्षरांत पाच डब्ल्यू तीस. "सगळ्या गाड्यांना चालतं, साहेब," तो म्हणाला. एवढं सोपं आहे तर शफीभाई उगाच का चष्मे बदलतात, असं मनात म्हणत मी विजयी मुद्रेनं परत आलो.

शफीभाईंनी कॅनचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. सरळ उलटा फिरवला, पाठीमागची मुंगीएवढी अक्षरं वाचली आणि परत दिला. "सी-थ्री कुठं हाय?"

"पाच डब्ल्यू तीस आहे की!"

"ते मापाचं झालं. तेल किती पातळ तेवढं कळलं. तुमचा बुटाचा नंबर आठ. आठ नंबरचा गमबूट घालून लग्नाला जाता का? माप तेच हाय ना?"

"मग समोर लिहितात कशाला एवढं?"

"स्थळाच्या फोटोत पोरगी कशी असती? तसं पुढून. मागचं वाचावं लागतंय." आतून चहा घेऊन आलेल्या बिल्किसभाभी लगेच म्हणाल्या, "भाईसाब, माझा फोटो आला तेव्हा यांनी मागचं काही वाचलं नाय हां." शफीभाई पहिल्यांदाच लाजले आणि चहात तोंड घातलं.

मी पुन्हा मोंढ्यात. या वेळी घ्यायच्या आधी फोटो पाठवायचा हुकूम होता. मी फोटो पाठवला. लगेच फोन आला. "साब, परत पुढूनच काढला." तिसऱ्या दुकानात पाठीमागं पाच डब्ल्यू तीसही सापडलं, सी-थ्रीही सापडलं, आणि गाडीच्या कंपनीचा स्वतःचा एक लांबलचक नंबर पुस्तकात होता, तोही अंकाला अंक जुळला. शफीभाई म्हणाले, "आणा." मला पदवीच्या निकालादिवशीसुद्धा एवढं हलकं वाटलं नव्हतं.

शनिवारी दुपारी काम झालं. जुनं तेल शेवटच्या थेंबापर्यंत काढून टाकलं, तेलाची गाळणी बदलली, नवं तेल पुस्तकात लिहिलंय तेवढंच भरलं, तेही दोन हप्त्यांत, मध्ये दहा मिनिटं थांबून. गाडी सुरू केली. दिवा नाही, धूर नाही. शफीभाई बॉनेटशी कान लावून उभे, डोळे मिटलेले. "झोपली," ते म्हणाले. हे त्यांच्याकडचं सर्वांत मोठं कौतुक.

मी किल्लीला हात घालणार, तोच त्यांनी खिशातून कार्ड काढलं.

हे कार्ड मी विसरलोच होतो. शफीभाई प्रत्येक गाडीच्या बॉनेटखाली तारेनं एक जाड कार्ड बांधतात. तारीख, किलोमीटर, कुठलं तेल, आणि शेवटी एक ओळ: कारण. पुढं ही गाडी कुठल्याही मिस्त्रीकडं गेली तरी तिची कुंडली त्याला मिळावी, म्हणून. शफीभाईंनी लिहिलं: "कारण: राजेंद्रराव जावई यांनी ट्रॅक्टरचं तेल दोन लिटर ओतलं."

"शफीभाई!" मी हात जोडले. "बारा वर्षांची ओळख आहे आपली. ही ओळ गाळा."

"ओतलं नव्हतं का?"

"ओतलं होतं. पण नाव कशाला? 'एका इसमानं' लिहा."

"इसमाकडं गाडीची किल्ली कशी आली, असं पुढचा मिस्त्री विचारंल."

"मग 'चुकून' तरी लिहा!"

त्यांनी विचार केला. चष्मा बदलला. ओळीच्या वर बारीक अक्षरांत "चुकून" घातलं आणि तार पिळून कार्ड पक्कं केलं. घरी येऊन मी पकडीनं ती तार सोडवायचा प्रयत्न केला. सुटली नाही. तनुजा गॅलरीतून बघत होती. "आता आणखी काही ओतू नका," ती म्हणाली.

रविवारी सकाळी आप्पासाहेब आले. डोळ्यावर काळा चष्मा, बाकी ठणठणीत. चहा झाल्या झाल्या खाली गेले, गाडी सुरू केली, कान दिला. "आवाज मऊ झालाय." मी मान डोलावली. आणि त्यांनी बॉनेट उघडलं. नवा डोळा, तीन-चार वर्षांनी स्वच्छ दिसायला लागलेला. पहिलं काही वाचलं असेल तर ते कार्ड.

ते बराच वेळ वाचत राहिले. कडूबाई कुरडयांची बाज सोडून जवळ येऊन उभ्या राहिल्या. मी जमिनीकडं बघत होतो.

"राजेंद्रराव, गाडीत बसा," आप्पा म्हणाले. मी बसलो. त्यांनी काचा वर केल्या. आता बोलणार, असं वाटलं तर त्यांनी आवाज एकदम खाली आणला. "ट्रॅक्टरचं तेल चालत नाय व्हय हिला?"

"नाही. धुराड्यात जाळी असते. सी-थ्री लागतं." मी जन्मभर हेच सांगत आलो असल्यासारखं सांगितलं.

"मी तर दर महिन्याला थोडं थोडं टाकतो," आप्पा कुजबुजले. "पट्टी जरा उतरली का पावशेर. दीड वरीस झालं." मग खिडकीतून वर गॅलरीकडं बघत म्हणाले, "तनुजाला सांगू नका."

त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. आप्पा सिल्लोडला गेले, आणि जाताना कप्प्यातलं पुस्तक मांडीवर घेऊन गेले. मंगळवारी त्यांचा फोन आला तेव्हा ते बासष्टाव्या पानावर होते आणि चाकातल्या हवेबद्दल मलाच ऐकवत होते. डिक्कीतला कॅन त्यांनी शेतावर, ट्रॅक्टरच्या शेडमध्ये, वर खडूनं "फक्त ट्रॅक्टर" लिहून ठेवला होता.

मी स्कूटर काढली आणि थेट हर्सूल गाठलं.

"शफीभाई, ऐका! दीड वर्षं आप्पासाहेब स्वतःच ट्रॅक्टरचं तेल टाकत होते!"

"ठाऊक हाय," शफीभाई एका स्पार्क प्लगकडं बघत म्हणाले. "जुनं तेल काढतानाच कळलं. झाकणापाशी कॅनमधल्या तेलाचे जुने ओघळ वाळले होते."

"कळलं होतं? आणि तरी कार्डावर त्यांचं नाव नाही, फक्त माझं? का?"

त्यांनी गाडी बघायचा चष्मा काढला, वाचायचा लावला, आणि त्यातून माझ्याकडं पाहिलं.

"कारण परत ओतणार ते तुम्हीच."