शालननं बिरोबाला कप्तानाचं विचारलं

अंगात येणं, वारं येणं यावर माझा कधीच विश्वास नव्हता, हे आधी सांगते. माझ्या सासूच्या अंगात यायचं. पण दळणाचा वाटा माझ्यापुढं आणि तिच्यापुढं सारखा पडला की नेमकं मगच यायचं. तेव्हापासून त्या प्रकाराला मी लांबूनच हात जोडले.

तुमच्या सदरात लोक वडाखालच्या बायकांचं लिहितात, मागं लागणाऱ्या सावल्यांचं लिहितात. माझ्या हकिकतीत तसलं काही नाही. जे झालं ते भर दुपारी, जत्रेतल्या माणसांदेखत झालं, आणि ते टीव्हीवरच्या एका मालिकेबद्दल झालं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

मी चौथी शिकलेली. इंदापूरला एसटी स्टँडच्या मागं आमच्या दोन खोल्या आणि पुढं ओटा. माझा मुलगा दत्ता सोलापूर रोडला ट्रकवर ड्रायव्हर होता. एका दिवाळीनंतर माल घेऊन हैदराबादला गेला, तो घरी आलाच नाही. ट्रकमालक म्हणाला, परत येऊन गाडी धुऊन-पुसून लावली, किल्ली माझ्या हातात दिली आणि चालत गेला. भांडण नाही, अपघात नाही. पोलिसात सांगून झालं, नातेवाइकांत विचारून झालं. दोन वर्षं झाली तरी जिवंत आहे की नाही, एवढंसुद्धा कळेना.

घरात मी आणि सून शालन. मोरगावकडची पोर, चोवीस वर्षांची, मूलबाळ नाही.

दत्तानं घेतलेला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही घरात होता. आमच्या आळीत तेव्हा केबल आली नव्हती, दूरदर्शन एवढंच दिसायचं. त्याच्यावर दर रविवारी सकाळी अंतराळाची एक मालिका लागायची. नाव लांबलचक हिंदी होतं, आम्ही सगळे तिला 'यान' म्हणायचो. आकाशात वाट चुकलेलं एक जहाज, त्यातली माणसं घर शोधत फिरतायत — चार वर्षं नुसती फिरतायत. एक कप्तान, त्याची डाक्टरीण बायको, आणि एक लोखंडाचा नोकर. त्याला आमच्याकडं लोखंड्या म्हणायचे. त्या सुमाराच्या भागांत कप्तान दोराला बांधून घेऊन जहाजाबाहेर गेला होता आणि दोर तुटून अंधारात नाहीसा झाला होता. त्याच्यावरून आमच्या ओट्यावर जी भांडणं व्हायची, तेवढी पंचायतीच्या निवडणुकीतसुद्धा होत नसत.

भांडणारे मुख्य तिघं. आमची शालन, शेजारची मंदा — ती कपडे शिवायची — आणि डॉक्टरांकडचा कंपाउंडर गुलाबराव.

"कप्तान मेला. आता किती बी रडा," मंदा म्हणायची.

"मेला तर मशिनीतनं आवाज कुणाचा येतोय? तुझ्या आज्याचा?" गुलाबराव.

"शत्रू काढत्यात आवाज. फसवायला."

"आवाज काढता येतो गं, पर खोकला?" शालन मधेच बोलायची. "कप्तान बोलायच्या आधी बारीक खोकतो. परवाच्या भागात तसाच खोकला व्हता. बारीक, दोनदा."

"ह्याला म्हणायचं बघणं!" गुलाबराव मांडीवर थाप मारायचा. "मंदाताई, तुमी नुसत्या डाक्टरणीच्या झंपराची शिलाई बघता."

"मग लोखंड्या दार का उघडना, ते सांगा की! त्याला आवाज ऐकू येत न्हाय व्हय?"

"लोखंड्यावर शंका घ्यायची न्हाय. त्यो इमानी हाय. पयल्या भागापास्नं हाय," गुलाबराव बजावायचा.

मी आतून भाकरी थापता थापता ऐकायचे. दत्ताचा खोकला ह्या पोरीला ओळखता आला असता का, असं मनात यायचं.

शालनचे दोन भाऊ मोरगावहून एसटीनं यायला लागले होते. त्यांचं म्हणणं, पोरगी आमच्याकडं द्या, आम्ही तिचा पाट लावून देतो. आमच्यात नवऱ्यानं टाकलेल्या बाईचं दुसरं लग्न होतं, पण सासरनं मोकळी करायला लागते. मी मोकळी करायला तयार नव्हते असं नाही. पण उद्या दत्ता दारात उभा राहिला तर त्याला काय सांगू? थोरला भाऊ म्हणाला, "आत्याबाय, बिरोबाला विचारा. द्येव न्हाय म्हणला तर मग आडवू नका."

माझा विश्वास नव्हता. पण त्यांचा होता, भावकीचा होता. कुणीतरी निकाल द्यायलाच पाहिजे होता, मग देवानं दिला तर निदान लोकांची तोंडं बंद होतील, असा माझा हिशेब. मी कबूल केलं.

आमच्या बिरोबाचं देऊळ इंदापूर-बारामती रस्त्याला, आमच्या मूळ वस्तीवर, डाव्या हाताच्या माळावर आहे. चैत्रात जत्रा. वारं धुळाआबाच्या अंगात यायचं. आबा मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरायचा तो पावसाच्या तोंडालाच वर यायचा. जत्रेपुरता मात्र एकटा मधेच येऊन जायचा. घोंगडी, काठी आणि कुत्रं, एवढाच त्याचा संसार. आधी पावसापाण्याची भाकणूक व्हायची, मग घरटी एक सवाल. एका घराला एकच. ज्याचं दुःख, त्यानंच मुठीत भंडारा धरून विचारायचं.

मी शालनला घोकून ठेवलं होतं — "माझा मालक परत येईल का." एवढंच म्हणायचं, पुढं रडायचं नाही, हेसुद्धा सांगितलं होतं.

आमची पाळी आली. ढोल थांबले. शालन पुढं झाली, मी तिच्या मागं, भाऊ बाजूला. तिनं मुठीतला भंडारा कपाळाला लावला आणि स्पष्ट आवाजात म्हणाली,

"देवा, यानातला कप्तान परत येईल का?"

आधी कुणाला कळलंच नाही. मग मागं पोरं फिदीफिदी हसली. थोरल्या भावानं कपाळावर हात मारून घेतला. मी तिचा पदर ओढला, "अगं, काय बोलतीस!" पण सवाल गेला होता. दुसरा विचारता येत नाही.

आबा हसला नाही. डोळे मिटलेले, अंग हलत होतं. आवाज त्याचाच होता — लोक म्हणतात तसा बदललेला वगैरे काही नाही.

"येईल," तो म्हणाला. "दारापतुर येईल. लोखंडाच्या माणसानंच दोर कापलाय. त्योच दार लावील. एका पायातला जोडा आत ऱ्हाईल, माणूस भाईर ऱ्हाईल. बाई जोडा उचलंल... आन् हसंल. चांगभलं!"

ढोल सुरू झाले. पुढचं घर पुढं आलं.

रस्त्याला लागल्यावर मी तिचं मनगट धरलं. "जीभ घसरली का गं?"

"न्हाय," ती म्हणाली. एसटीत खिडकीबाहेर बघत बसली. भाऊ फाट्यावरूनच मोरगावची गाडी धरून गेले. जाताना थोरला म्हणाला, "देवापुढं आमची अब्रू घालवली. ऱ्हाऊ द्या तुमच्यातच. आमी आता येत न्हाय." म्हणजे निकाल राहिला बाजूला, माहेरसुद्धा तुटलं.

इंदापुरात ही गोष्ट आमच्या आधी पोचली होती. गुलाबरावला तर सणच झाला. "मावशी, बिरोबाला दूरदर्शनवर नोकरी लावू का? बातम्या द्यायला बरा ऱ्हाईल." मंदा म्हणाली, "द्येव असून लोखंड्यावर आळ घेतो. पाप लागंल त्याला." मीही हसले. थोडं बरंसुद्धा वाटलं — म्हाताऱ्यानं काहीतरी बरळलं, दत्ताचं विचारलं असतं तरी असंच बरळला असता. गेलं काही नाही.

मग जेठातल्या एका रविवारी तो भाग लागला.

मी त्या दिवशी मुद्दाम बसले होते. कप्तान आला. अंधारातून पोहत आल्यासारखा जहाजाच्या दारापर्यंत आला. मंदा ओरडली, "आला गं बाई, जिता हाय!" गुलाबराव उभा राहिला. लोखंड्या दाराशी गेला. त्यानं दार उघडलं, थोडंसंच... आणि मागचं सगळं दाखवलं — दोर तुटला नव्हता, लोखंड्यानं कापला होता. मग त्यानं दार लावलं. कप्तानाचा पाय मधे आला. त्यानं तो बाहेर ओढून घेतला आणि जोडा आत राहिला. एकच जोडा, दारापाशी आडवा पडलेला. डाक्टरीण धावत आली, तिनं तो उचलला, छातीशी धरला, आणि ती हसायला लागली. वेड्यासारखी. भाग तिथंच संपला.

"चार वर्सं!" गुलाबराव टीव्हीवरच ओरडला. "चार वर्सं आमी त्याला इमानी म्हणतोय! लिवणाऱ्यांना लाजा न्हायत? विश्वासघात हाय हा, बघणाऱ्यांचा विश्वासघात!" मंदाच्या डोळ्यांत पाणी. "कप्तान रोग घेऊन आला असंल, म्हणून लावलं असंल दार..." ती लोखंड्याला वाचवायला बघत होती. दोघं पाच मिनिटं तणतणत होते आणि मी शालनकडं बघत होते. ती भिंतीला टेकून बसली होती, ओठ पांढरे पडलेले.

मग मंदाच एकदम माझ्याकडं वळली. "मावशी," ती म्हणाली, "जोडा."

गुलाबराव खाली बसला.

लोक म्हणतात अंदाज लागतो. लोखंड्याचा अंदाज लागेल, मी मानते. जोड्याचा लागतो? बाई रडायची सोडून हसेल, हा अंदाज कोण करील? गुलाबरावनं पेपरं चाळली, बारामतीच्या मित्रांना विचारलं. आधी कुठं काही छापून आलं नव्हतं.

मला मात्र भीती वाटली नाही. मला राग आला. सगळे गेल्यावर मी शालनपुढं बसले. म्हणाले, हे खोटं निघालं असतं तर मी तुला एक शब्द बोलले नसते. पण हे खरं निघालं. म्हणजे त्या दिवशी तिथं खरं उत्तर मिळत होतं. दत्ताचं खरं उत्तर. आणि तू ते टीव्हीवर घालवलंस.

तिनं चुलीतला जाळ सारखा केला.

"आत्याबाय, द्येव 'येतो' म्हणला असता तर?" ती म्हणाली. "कवा येतो ते न्हाय सांगत त्यो. मी म्हातारी हुस्तवर दाराकडं बघत बसायचं?"

"आणि 'न्हाय येत' म्हणाला असता तर? मोकळी झाली असतीस."

"मी झाले असते. तुमी?"

"माझी काळजी तुला कुणी करायला सांगितली होती? मुलगा माझा. विचारायचा हक्क माझा होता, तो मी तुझ्या मुठीत दिला."

"व्हय," ती म्हणाली. "म्हणूनच मला त्यो पेलला न्हाय."

मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही.

पाऊस लागल्यावर आबा मेंढरं घेऊन माळावर आला होता, तेव्हा मी एकटी गेले. त्याला विचारलं, "आबा, चैत्रात काय बोललात ते आठवतंय का?" नाही म्हणाला. "टीव्ही बघता का कुठं?"

"बघितलाय की बाय. पेणला दुकानात. बंद व्हता."

"मग माझ्या दत्ताचं सांगा."

त्यानं मान हलवली. "म्या कोण सांगणार? तवा वारं व्हतं. आता ह्यो नुस्ता धुळा हाय." आणि एका लंगड्या कोकराला उचलून घोंगडीत घेतलं. पुढच्या चैत्राआधी तो कोकणातच वारला. आमच्या वस्तीवर त्याच्यानंतर कुणाच्या अंगात वारं आलं नाही.

त्या दिवाळीनंतर मीच मोरगावला गेले, भावांची समजूत काढली आणि शालनला मोकळी केली. जिला उत्तरच नको, तिला बांधून कुणासाठी ठेवायची? सोमेश्वरनगरला तिचा पाट लागला. टीव्ही तिच्याबरोबर पाठवून दिला. मालिकेचं पुढं काय झालं, मला माहीत नाही.

शालनवर आता माझा राग नाही. दत्तावर होता, तोही विरला. बिरोबावरचा गेलेला नाही. मुंबईत कुठंतरी बनवलेल्या खोट्या माणसाचा जोडा ज्याला कोकणातून आलेल्या धनगराच्या तोंडून सांगता आला, त्याला शालनच्या मागं उभी असलेली मी दिसले नाही? "पोरी, हा सवाल न्हाय, खरा विचार," एवढं म्हणायला त्याचं काय जात होतं?

त्याला कसं कळलं, हे मला आजपर्यंत कुणी सांगू शकलेलं नाही. दत्ता कुठं आहे, हेही नाही. दर चैत्रात जत्रेला जाते. नारळ फोडते. हात जोडत नाही.