दोरीचं दुसरं टोक

चाचांचं ग्रीन मी जाळलं. चाचा आता लेकाकडे परभणीला असतात, पण आमच्या कॉलनीतलं ते हिरवं वर्तुळ दिसलं, की आधी माझी चूकच आठवते.

हिंगोलीच्या वेशीवरच्या आमच्या कॉलनीत बिल्डरने हौसेने गोल्फचं एकुलतं एक ग्रीन, म्हणजे चेंडूच्या भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, केलं होतं. गोल्फ खेळणारं कुणीच नव्हतं. पण कॉलनीतच राहणाऱ्या चाचांची सारी नोकरी फौजेत, तिथल्या गोल्फ मैदानाच्या देखभालीत गेलेली. त्यांनी ग्रीनचा ताबाच घेतला. कुणीही असो, वर पाय ठेवला की ओरडत, "साहेब, चपला! हे ग्रीन हाय, तुमचं अंगण न्हाई."

सकाळी गवतावरचं दव झाडल्याशिवाय ते चहा घेत नसत. दव राहिलं की बुरशी येते म्हणत. त्यासाठी एक लांब दोरी गवतावरून ओढायची. तिला दोन माणसं लागतात. दुसरं टोक माझ्या वडिलांनी, आबांनी धरलं.

हट्टा गावची शेती सोडून आबा माझ्याकडे आले होते. मी त्यांना टीव्ही घेतला, आरामखुर्ची घेतली. माझ्याशी ते "जेवलास का?" यापलीकडे बोलत नसत. चाचांबरोबर मात्र मोठमोठ्याने हसायचे.

"गवताला रोज थोडी तकलीफ द्यावी लागते, आबासाहेब, तवा ते बराबर वागतं."

"माझ्या पोराला कमी पडली वाटतं," आबा म्हणायचे, आणि दोघं खो खो हसायचे. गॅलरीत उभा राहून मी ते ऐकत असे. चाचांचा मला इतका हेवा वाटे, की चहाची चव जाई.

एका शुक्रवारी चाचा नमाजला गेले असताना मी ग्रीनवर मूठमूठ युरिया फेकला. पाणी दिलं नाही. काही दिवसांतच गवतावर पिवळे, करपलेले पट्टे उमटले, कमानीसारखे वळलेले. आबा ते बराच वेळ बघत राहिले. मी डावखुरा, आणि कमानी डाव्या हाताच्या फेकीच्या होत्या. खत फेकायला मला त्यांनीच शिकवलं होतं.

"कुणी केलं हे?" चाचा ओरडले.

आबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "मीच टाकलं. वाटलं, हिरवं व्हईल."

"तुमी? शेतकरी माणूस? आता दोरीला हात लावू नका."

त्यानंतर चाचा दुसरं टोक विटेला बांधून एकटेच दोरी ओढू लागले. वीट मागे राहायची, दोरी वाकडी व्हायची. आबा गॅलरीतून बघत. आता तर ते "जेवलास का?" हेही विचारत नव्हते.

शेवटी एका सकाळी चपला काढून मी ग्रीनवर गेलो. "चाचा, खत आबांनी न्हाई, मी टाकलं. ते तुमच्याजवळ हसायचे, ते मला बघवत नव्हतं. माफ करा."

चाचांनी विटेची गाठ सोडली. "माझं गवत येईल परत. मला काहून सांगून राहिला? वर जाऊन त्यांना सांग."

मी जिना चढलो. आबा गॅलरीतच होते, पाठमोरे.

"आबा, चुकलो मी. चला, चाचा दोरी धरून थांबलेत."