समोसा इंजिन आणि पिवळा कागद

नेरूळच्या शहाजी जगदाळे यांनी सदुसष्टाव्या वर्षी, प्रौढ वर्गात शिकून, आयुष्यातील पहिले पत्र लिहिले. ते टपालाने पाठवण्याजोगे नव्हते. ते घेऊन स्वतःच जाणे भाग होते.

शहाजीरावांनी जासईजवळच्या कंटेनर यार्डात अठ्ठावीस वर्षे नोकरी केली. परदेशातून आलेली मोटार कंटेनरमधून बाहेर काढायची, पन्नास-साठ पावले चालवून रांगेत लावायची आणि लगेच बंद करायची, हे त्यांचे काम. त्यांच्या हातून कोणत्याही गाडीला कधी ओरखडा उठला नाही. परंतु त्यांना अक्षरओळख नव्हती. ही गोष्ट पत्नी शालनताईंखेरीज कोणास ठाऊक नाही, अशी त्यांची समजूत होती.

नऊ वर्षांपूर्वी एक बुटकी, लाल जपानी मोटार आली. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनासाठी ती मागवणारे राजवर्धन साहेब स्वतः हजर होते. ते हौसेने सांगू लागले, की हिच्या इंजिनात पिस्टन वरखाली होत नाहीत. पोटात एक तिकोनी चकती गरगर फिरते. पन्नासेक वर्षांमागे जर्मनीत अशी गाडी प्रथम रस्त्यावर आली, तेव्हा कितीतरी कारखान्यांनी तिचा ध्यास घेतला. पुढे पेट्रोल महागले, तशी बहुतेकांनी तिला सोडचिठ्ठी दिली. एका जपानी कारखान्याने मात्र हेका सोडला नाही आणि चोवीस तासांची शर्यतसुद्धा जिंकून दाखवली.

"म्हंजी समोसा इंजिन म्हणा की!" कृष्णात म्हणाला, आणि साहेबही हसले. कृष्णात शहाजीरावांच्याच गावचा. त्यांनीच त्याला यार्डात नोकरीस लावले होते.

जाताना साहेबांनी शहाजीरावांच्या हाती एक पिवळा कागद दिला. "काका, चालवण्याआधी एवढं नीट वाचा हं."

शहाजीरावांनी कागद डोळ्यांपुढे धरला, मान डोलावली, "वाचलं साहेब," म्हणाले आणि तो गाडीत ठेवून दिला. मग नेहमीप्रमाणे साठ पावले गाडी चालवली आणि किल्ली फिरवून ती बंद केली.

कागदावर मराठीतच लिहिले होते: गार इंजिन चालू करून लगेच बंद करू नये, दहा मिनिटे चालू ठेवावे, नाहीतर आत पेट्रोल साचते आणि प्लग भिजतात.

दुसऱ्या दिवशी गाडी ट्रेलरवर चढवण्यासाठी कृष्णात आत बसला. ती सुरू होईना. किल्ली मारून मारून अखेर स्टार्टर जळाला. सुपरवायझर धावत आले. पिवळा कागद फडकावत ते ओरडले, "काल हिला लगेच बंद कोणी केलं? डोळे फुटले होते का?"

शहाजीरावांनी 'मी' म्हणायचे, तर 'मला वाचता येत नाही' हेही म्हणावे लागले असते. सातवी शिकलेल्या कृष्णातने एकवार त्यांच्याकडे पाहिले.

"म्या केली," तो म्हणाला. त्याच दिवशी त्याचे काम सुटले.

पुढे तो खारघरला एका सोसायटीत वॉचमन झाल्याचे कानावर आले. नेरूळहून खारघर असे कितीसे लांब? शहाजीरावांना तेवढी वाट काटायला नऊ वर्षे लागली.

दार उघडले तेव्हा कृष्णातच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. मोतीबिंदू काढून चारच दिवस झाले होते.

"कोन, शहाजी? वाट चुकलास व्हय रं?"

शहाजीरावांनी पत्र पुढे केले.

"कुनाकडनं लिवून आनलंस? मला वाचाय बंदी हाय. तूच वाच."

त्यांच्यावर आभाळच कोसळले. अक्षराखाली बोट धरून, जोडाक्षरांना अडखळत त्यांनी वाचले: "ती गाडी मी बंद केली होती. मला वाचता येत नव्हते. तुझी भाकरी माझ्यामुळे गेली."

"ठावं हुतं मला. सायबाचा कागूद तू उलटा धरला हुतास."

"मग बोलला का नाहीस?"

"चार मानसांत तुझा पानउतारा करू? पन वाटलं, सांच्याला घरी तरी येशील. तुझी वहिनी चहाला आधन ठिवून बसली हुती. मरस्तवर इचारायची, शहाजीभावजी आले न्हाईत का म्हनून."

शहाजीरावांनी हातातल्या पत्राकडे पाहिले. वहिनीला द्यायचे उत्तर त्यात लिहिलेले नव्हते.